गेल्या वर्षीचे मटार

"…तर मग यात माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा."

पद्माकर खळदकर हे विचारत होते तेव्हा रंगनाथबुवा मठाच्या पडवीत मटार सोलत बसले होते.

बुवांनी मान वर केली नाही. अंगठ्यानं शेंग उघडली, दाणे पातेल्यात पाडले, टरफल टोपलीत टाकलं.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "मधे एक शेंग किडकी निघाली. लक्ष तिकडे गेलं."

खळदकरांना राग आला, पण तो इथे दाखवण्याची सोय नव्हती. वाघजाईवाडीचा हा मठ म्हणजे त्यांच्या घराण्याचं गुरुस्थान. आजोबा इथे येत, वडील येत. सासवडला बस बदलायची, उतरून शेतांतून चालायचं, बुवांच्या पाया पडायचं आणि परत फिरायचं. प्रश्न विचारायची पद्धत खळदकरांच्या घरात नव्हती. पद्माकररावांना तर तशी गरजही कधी पडली नव्हती. उत्तरं त्यांच्याकडे तयार असत.

पण आज शनिवार होता, आणि उद्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"उद्या आमच्या वरच्या मजल्यावर शेगडी बसते आहे," ते म्हणाले. "मुलगा आणि सून वेगळी चूल मांडणार. एका छपराखाली दोन चुली. आमच्या घरात हे कधी झालं नाही, बुवा."

"कारण काय?"

"मटार."

बुवांचा अंगठा थांबला.

"हे आधी सांगायचं," ते म्हणाले.

हकीगत अशी होती. खळदकर एका मोठ्या कारखान्याच्या भांडाराचे प्रमुख होते. तिथला कायदा एकच: जो माल आधी आत आला तो आधी बाहेर जाणार. जुना पुढे, नवा मागे. त्या कायद्यामुळे त्यांच्या भांडारात कधी काही गंजलं नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात सगळ्या वक्त्यांनी हेच एक वाक्य आपापल्या आवाजात सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच पत्नीचे, कुमुदताईंचे, गुडघे दुखू लागले आणि स्वयंपाकघराचा ताबा खळदकरांकडे आला. 'आला' हा त्यांचा शब्द. कुमुदताई 'घेतला' म्हणत.

स्वयंपाक ते करत नसत. ते नियोजन करत. जिन्याखाली त्यांनी आडवा फ्रीझर आणून बसवला. मटार, मक्याचे दाणे, निवडलेली गवार, खवलेला नारळ, आंब्याचा रस, सगळं पिशव्यांतून आत गेलं आणि प्रत्येक पिशवीवर तारीख पडली. आठवड्याचे बेत आठवडा सुरू होण्याआधीच ठरत. रोज सकाळी आंघोळ करून ते फ्रीझर उघडत, त्या दिवसाचा माल सुनेला काढून देत, आणि सून मृदुला तो शिजवत असे. कुणाला काय खावंसं वाटतं, हा प्रश्न घरातून हद्दपार झाला होता. खळदकर याला शांतता म्हणत.

"आणि मटार?" बुवांनी विचारलं.

"मागच्या रविवारी सूनबाईनं बाजारातून मटार आणले. करंज्या करते म्हणाली. मी म्हटलं, कर की. तिनं सोलले. मी ते घेतले, उकळत्या पाण्यातून काढले, गार पाण्यात टाकले, कोरडे केले, भरले, तारीख घातली, तळाशी ठेवले. आणि करंज्यांसाठी तिला वरची पिशवी काढून दिली."

"वरची म्हणजे?"

"गेल्या वर्षीची."

बुवांनी मान वर केली.

"मटारच ना ते? करंजीच्या पोटात काय कळतंय? तिनं पिशवी हातात घेतली. ओट्यावर ठेवली. आणि माझ्यादेखत मुलाला म्हणाली, 'मला माझी शेगडी हवी.' आवाज चढवला नाही, काही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं."

"मुलगा काय म्हणाला?"

"ऋषिकेश? तो काय म्हणणार. शेगडी सांगून आला."

बुवांनी शेंगांचा एक ढीग खळदकरांपुढे सरकवला. खळदकर सोलू लागले. त्यांचा हात चांगला होता. एकही दाणा बाहेर उडत नव्हता.

"माझी विनंती एवढीच आहे," ते म्हणाले. "मृदुला तुम्हाला मानते. दोन ओळींची चिठ्ठी द्या. घर एक ठेवावं, शेगडी वर नेऊ नये. बाकी मी बघतो."

"बाकी काय उरलं?"

"व्यवस्था. तिच्यात दोष नाही, बुवा. म्हणाल तर मठालाही लावून देतो."

बुवा काही बोलणार, एवढ्यात आतून दणदण आवाज येऊ लागला. मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या रखमाआक्का कशावर तरी वरवंटा घालत होत्या.

खळदकर कान टवकारून उठले. तो आवाज त्यांनी ओळखला. गोठलेल्या मालावर अज्ञानाचा घाव पडला की तो येतो.

आत गेले तर खरंच तसंच होतं. एका भक्तानं मठाला फ्रीझर दिला होता. पावसाळ्यात आक्कांनी मक्याचे दाणे एका मोठ्या पिशवीत कोंबून त्यात टाकले होते. आता त्यांची शिळा झाली होती.

"ओले भरले असणार," खळदकर म्हणाले.

"मग? मक्याचे दाणे कोरडे उगवत्यात व्हय?"

"थाळीत पसरले नाहीत ना आधी?"

"थाळीत जेवायचं असतंय, पाव्हणं."

खळदकरांनी बाह्या वर केल्या. सकाळपासून सोललेल्या मटारांतले ओंजळभर त्यांनी मागून घेतले. पाणी उकळवलं, चिमूटभर साखर टाकली, दाणे आत सोडले, वर तरंगू लागताच उपसले आणि थंडगार पाण्यात ओतले. मग धोतराच्या स्वच्छ फडक्यावर पसरून टिपले. मग एका थाळीत, दाण्याला दाणा लागणार नाही असे मांडले. थाळी फ्रीझरमध्ये ठेवली.

"आधी एकेकटे गोठू द्यायचे," ते म्हणाले. "मग एका पिशवीत भरायचे. मग कितीही दिवस एकत्र राहिले तरी चिकटत नाहीत. हवे तेव्हा मूठभर काढा."

बुवा दारात उभे राहून बघत होते.

"हे फार चांगलं आहे," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर थाळी बाहेर काढली. खळदकरांनी ती हलवली. दाणे थाळीभर खडखडत धावले. बुवांनी त्यांत हात फिरवला आणि लहान मुलासारखे हसले. आक्कांनी एक दाणा उचलून उजेडात धरला.

"हे आदी कुनी सांगितलं आसतं तर माझा खांदा वाचला आसता."

"आक्का, आजपासून आपल्याकडे असंच करायचं," बुवा म्हणाले. "हे आपल्याला पद्माकरपंतांनी शिकवलं."

गुरूनं आपल्याकडून काही शिकावं, हा मान खळदकरांच्या घराण्यात पूर्वी कुणाला मिळाला नव्हता. चिठ्ठी आता हातात पडलीच, असं त्यांना वाटलं.

दोघं पुन्हा पडवीत येऊन बसले.

"मग ती चिठ्ठी…"

बुवांनी एक शेंग घेतली. उघडली. त्यातला एक दाणा खळदकरांच्या तळहातावर ठेवला.

खळदकरांनी तो कपाळाला लावला. खिशातून कागदाचा चिटोरा काढला, त्यात दाणा नीट गुंडाळला, आणि पुडी सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी ठेवून दिली.

"हे काय केलंत?"

"प्रसाद आहे. घरी नेतो."

"तो प्रसाद नाही," बुवा म्हणाले. "मटार आहे. सकाळपासून एवढे सोललेत. खाल्ले किती?"

"एकही नाही," खळदकर अभिमानानं म्हणाले.

"खरंय त्यांचं," आतून आक्का म्हणाल्या. "मी बघत व्हते. मानूस हाय का सांडशी हाय, कळंना."

बुवांनी दुसरी शेंग घेतली.

"हे मटार तुम्ही घरी नेलेत, तर खाणार केव्हा?"

"पुढच्या वर्षी. आधी गेल्या वर्षीचे संपायला हवेत."

"पुढच्या वर्षी ताजे येतील त्यांचं काय?"

"ते त्याच्या पुढच्या वर्षी."

"म्हणजे तुम्ही गेलात, की तेराव्याला लोक जेवतील ते मटार कधीचे?"

खळदकरांनी हिशेब केला. तो करणं त्यांना टाळता येईना. जन्मभर असे हिशेब करूनच ते मोठे झाले होते.

"…मी हयात असतानाचे," ते म्हणाले.

"चांगले असतील?"

"माझ्या पद्धतीनं ठेवलेले वर्षभर उत्तम राहतात."

"लोकांना चांगले लागतील, ते कळलं. तुम्हाला कसे लागले असते?"

पडवीच्या पलीकडे मटाराचं शेत होतं. वारा आला की सगळं एकदम हलायचं. खळदकर तिकडे बघत राहिले.

बुवा उठले. आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शेंगांनी भरलेलं पोतं होतं. ते त्यांनी खळदकरांच्या पायाशी टेकवलं.

"चिठ्ठी देत नाही. हे देतो."

"एवढं?"

"उद्या दिवस मावळायच्या आत यातला एक दाणा उरता कामा नये. फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही. टाकायचा नाही. कुणाच्या दारी नेऊन द्यायचा नाही. तुमच्या घरात बसून जो खाईल त्यानं खायचा."

"आम्ही चारच माणसं आहोत, बुवा."

"मग जास्त बसवा."

"उद्याचा बेत ठरलेला आहे. उद्या गवार आहे. ऑगस्टमधली."

"ती थांबेल," बुवा म्हणाले. "तिला तुम्हीच शिकवलंय."

"…आणि शेगडी?"

"शेगडीतलं मला काही समजत नाही. इथे चूल आहे."

खळदकर पोतं घेऊन निघाले. बसमध्ये कंडक्टरनं ते मधल्या वाटेतून हलवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ते मांडीवर घेतलं. चिंचवडच्या घरी पोचेपर्यंत त्यांच्या सदऱ्यावर हिरवे डाग पडले होते. पंचवीस माणसांवर हुकूम चालवलेला माणूस पोत्याला मिठी मारून बसलाय, हे दृश्य बसमधल्या कुणालाच विशेष वाटलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

दार कुमुदताईंनी उघडलं.

"बुवांनी काय सांगितलं?"

"मटार दिले."

"अजून?" त्या म्हणाल्या. "कुठे ठेवणार? फ्रीझरमध्ये आता दाणाही मावत नाही."

खळदकरांनी पोतं बैठकीच्या मध्यभागी ठेवलं. ऋषिकेश आणि मृदुला जिन्यावरून खाली येत होते. वरची खोली शेगडीसाठी मोकळी करून झाली होती. मृदुलाच्या हातात झाडू होता.

खळदकर उभ्यानंच बोलले. बुवांची अट त्यांनी एका दमात सांगितली. कमी केली नाही, वाढवली नाही. भांडारातला माणूस मापात खोट करत नाही.

"एकही फ्रीझरमध्ये नाही?" मृदुलानं विचारलं.

"नाही."

"बुवा असं म्हणाले?"

"म्हणाले."

"आणि तुम्ही ते ऐकणार?"

"…घेऊन आलोय ना," खळदकर म्हणाले.

मृदुलानं झाडू भिंतीला टेकवला. वर्तमानपत्र उलगडून जमिनीवर पसरलं. पोत्याची सुतळी सोडली आणि शेंगांचा लोंढा त्यावर आला. ती मांडी घालून बसली. ऋषिकेश बसला. कुमुदताईंसाठी खुर्ची सरकवली गेली. खळदकर समोर बसले.

मृदुलानं पहिली शेंग उघडली, आणि सासऱ्यांकडे बघत दाणे तोंडात टाकले.

खळदकरांनी नजर खाली घातली. त्यांच्याही हातात एक शेंग होती. ती उघडली. भरदार होती. त्यांनी एक दाणा काढला, थोडा वेळ चिमटीत धरला, आणि खाल्ला.

"गोड आहे," ते म्हणाले.

"असतात," कुमुदताई म्हणाल्या.

एवढंच. पण ऋषिकेशला हसू आवरेना, आणि मग मृदुलालाही. खळदकरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसरी शेंग घेतली. सोलण्याचा त्यांचा लौकिक त्या संध्याकाळी पार धुळीला मिळाला. पातेल्यात कमी पडत होते, तोंडात जास्त.

"बाबा, तुमच्याकडून माल गहाळ होतोय," ऋषिकेश म्हणाला.

"वाहतुकीतली तूट धरावी लागते," खळदकर म्हणाले.

घरात असा विनोद त्यांनी कधी केल्याचं कुणाला आठवेना. कुमुदताईंनी चष्मा काढून पुसला.

रविवारी सकाळी खळदकर सवयीनं आंघोळ करून फ्रीझरपाशी गेले. तिथे उभे राहिले. काढून द्यायला काही नव्हतं. मग ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि जन्मात पहिल्यांदा तिथे पाहुण्यासारखे घुटमळले.

"काय काय करायचं?" त्यांनी विचारलं.

मृदुलानं पातेल्यांकडे बघितलं. ती सगळी भरली होती.

"उसळ. भात. करंज्या. पॅटिस. आणि तरी उरतील. बाबा, माणसं लागतील."

"किती?"

"तुम्ही बोलवाल तितकी."

हा प्रश्न अवघड होता. खळदकरांच्या घरी जेवायला यायचं तर आधी कळवावं लागे, म्हणजे माल त्या बेतानं निघे. त्यामुळे माणसांनी यायचंच सोडलं होतं. आता ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. समोरचे बेंद्रे झाडांना पाणी घालत होते.

"बेंद्रे, दुपारी जेवायला या. घरातल्या सगळ्यांना घेऊन."

बेंद्र्यांच्या हातातली नळी भलतीकडे गेली.

"कधी? म्हणजे कोणत्या महिन्यात?"

"आज."

"घरी सगळं ठीक आहे ना, खळदकर?"

मृदुलाच्या आईला फोन गेला. कुमुदताईंच्या भजनी मंडळातल्या बायकांना निरोप गेला. ऋषिकेशचे दोन मित्र आले ते शेगडी वर चढवायला मदत म्हणून, आणि कढईपाशी अडकले. करंज्या लाटायला जागा पुरेना, तेव्हा जेवणाचं टेबल कामाला आलं. आणि सगळ्यात मोठी अडचण वेगळीच निघाली. घरातली शेगडी दोन तोंडांची. एकावर उसळीचं पातेलं, एकावर भात. करंज्यांची कढई हातात घेऊन मृदुला उभी.

नेमका तेव्हाच शेगडीवाला आला.

नवी कोरी शेगडी त्यानं दारात ठेवली आणि घाम पुसला.

"वर न्यायची ना? जिना कुठून?"

स्वयंपाकघरातले आवाज थांबले. खळदकर फळी पुसत होते. ते पुसतच राहिले. ती फळी केव्हाच कोरडी झाली होती.

ऋषिकेशनं बायकोकडे बघितलं. कुमुदताईंनीही. मृदुलाचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"जिना नंतर," ती म्हणाली. "आधी इथे लावा. त्या शेगडीच्या शेजारी. तेल तापवायचंय."

शेगडीवाल्यानं जोडून दिली. ज्योत निळी आली. त्यालाही एक ताटली मिळाली. तो दारातच बसून उसळ आणि पावाच्या स्लाइस खाऊन गेला, आणि जाताना म्हणाला की एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या त्यानं मंगल कार्यालयातच बघितल्या होत्या, घरात नाही.

दुपार हां हां म्हणता गेली. मृदुलाच्या आईनं करंजीचा पहिला तुकडा मोडला, आतली वाफ बाहेर आली, आणि त्या लगेच दुसरी उचलत्या झाल्या. बेंद्रे तीनदा 'आता बास' म्हणाले. भजनी मंडळातल्या बायकांनी जेवून झाल्यावर भजन म्हणायचं ठरवलं होतं, पण पॅटिसनंतर कुणाचा आवाज फुटेना. खळदकर वाढत होते. कुणी नको म्हटलं की ते ताटापुढे उभे राहत आणि नुसते बघत. भांडारातले कामगार त्या नजरेला वचकून होते. पाहुणेही जेवले.

उन्हं कलली. माणसं एकेक करून गेली. पोतं रिकामं, पातेली रिकामी.

एक वाडगा तेवढा राहिला. कच्चे सोललेले मटार, काठोकाठ. करंज्यांच्या गडबडीत डब्यामागे गेला होता.

खिडकीबाहेर ऊन अजून होतं, पण फार नव्हतं.

ऋषिकेश सतरंजीवर आडवा होता. "मला विचारू नका," तो म्हणाला. "मी फुटेन."

खळदकर वाडगा घेऊन जिन्याखाली आले. फ्रीझरवर पिशव्यांचा गठ्ठा होता. तारखा घालायचं पेन होतं. एक छोटी पिशवी. कुणाला कळलंही नसतं. त्यांचा हात गठ्ठ्याकडे गेला. सवयीचा हात होता तो, मालकाला विचारून जात नसे.

स्वयंपाकघराच्या दारात मृदुला उभी होती. तिनं हाक मारली नाही. बघत होती फक्त.

खळदकरांचा हात गठ्ठ्यावर थांबला.

मग त्यांनी पेन आणि गठ्ठा दूर सरकवला, म्हणजे ते हाताशी राहणार नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. वाडगा मांडीवर घेतला आणि खाऊ लागले.

थोड्या वेळानं मृदुला तिखटमीठ घेऊन आली आणि एक पायरी वर बसली.

"नुसते किती खाल," ती म्हणाली.

ऋषिकेश कण्हत उठून आला. कुमुदताई खुर्चीवरून म्हणाल्या, "मला कुणी विचारणार आहे का?" मग वाडगाच त्यांच्या खुर्चीपाशी नेला. चौघं त्यात हात घालत राहिले. पोट भरलेलं असताना जे खाल्लं जातं ते बोलत खाता येत नाही.

शेवटी एक दाणा उरला. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघितलं.

"घ्या, बाबा," मृदुला म्हणाली.

खळदकरांनी तो घेतला. बाहेर ऊन गेलं.

"शेगडी उद्या वर नेऊ?" ऋषिकेशनं हळूच विचारलं.

"करंज्यांना दोन शेगड्या बऱ्या पडतात," मृदुला म्हणाली. "राहू दे तिथेच."

कुमुदताईंनी रिकाम्या वाडग्यात आतून पुसल्यासारखं बोट फिरवलं.

"पण काय शिजवायचं ते मी ठरवणार," मृदुला म्हणाली. "सकाळी. बाजारात काय आलंय ते बघून."

खळदकरांनी घसा साफ केला.

"आणि साठवण?"

"साठवण तुमची. तशी दुसऱ्या कुणाला जमत नाही." ती थांबली. "जुने मटारही टाकायचे नाहीत. मेमध्ये काढू. तेव्हा बाजारात काही नसतं."

खळदकरांनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. वरच्या खोलीत सोमवारी ऋषिकेशनं आपली पुस्तकं परत लावली.

पुढच्या शनिवारी खळदकर मठात गेले. हातात डबा होता. सुनेनं सकाळी उठून केलेल्या करंज्या. मठापर्यंत येईतो गार झाल्या होत्या. बुवांनी एक मोडली, खाल्ली, दुसरी आक्कांकडे धाडली.

"घर?"

"एक आहे," खळदकर म्हणाले. आवाजात विजय लपत नव्हता. त्यांनी लपवलाही नाही. "चूल एक आहे. शेगड्या दोन आहेत. आणि बुवा, मी व्यवस्था सुधारली. ताजं आधी, साठवलेलं नंतर. पुढच्या हंगामाआधी फ्रीझरचा तळ दिसला पाहिजे. नियमच करून टाकला."

"नियम कुणी केला?"

"…सुनेनं. मी मंजूर केला."

आतून आक्का हसल्या. मटारांची थाळी फ्रीझरमधून काढत असाव्यात, कारण दाणे खडखडल्याचा आवाज आला.

बुवांनी तिसरी करंजी घेतली. ती ते सावकाश खात होते. खळदकर प्रसन्न बसले होते. शेतात मटाराचा शेवटचा तोडा चालू होता. संध्याकाळच्या बसला अजून वेळ होता. आता काही तत्त्वाचं बोलावं, असा त्यांचा विचार होता.

"रात्री घरी काय आहे जेवायला?" बुवांनी विचारलं.

खळदकरांनी तोंड उघडलं.

ते शेताकडे बघू लागले. मग बुवांकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. तसं ते त्यांच्या चेहऱ्यावर याआधी कुणी बघितलं नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

बुवांनी डबा झाकून त्यांच्या हातात दिला.

"मग इथे कशाला बसलात?"